प्रतिकारशक्तीचं वय मोजायला गेले तेव्हा

मला एचआयव्हीचं निदान २००२ साली झालं. तेव्हा वय ३०, सीडी४ (एचआयव्ही ज्या प्रतिकारपेशी मारतो त्यांची मोजणी) ८६. पहिल्या औषधांमध्ये स्टॅव्ह्युडिन होतं. त्याने जीव वाचवला आणि गालांवरची चरबी नेली. पुढे टेनोफोविर आणि एफाविरेंझ आलं, त्याबरोबर रात्रीची चित्रविचित्र स्वप्नं आली, आणि शेवटी डोल्युटेग्राविरवर गाडी रुळली. आता बरीच वर्षं व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, ‘आढळला नाही’ असाच येतो. अशा माणसाला दवाखान्यात ‘स्टेबल’ म्हणतात. स्टेबल माणसाची भेट झटकन आटपते. वजन, गोळ्या चुकल्या का, पुढची तारीख, झालं. माझी त्याबद्दल तक्रार नव्हती. लवकर सुटका झाली की बरंच वाटायचं.

जानेवारी २०२४ मध्ये लॅबने रिपोर्टचा नमुना बदलला. एरवी सीडी४ चा एकच आकडा यायचा, या वेळी खाली आणखी दोन ओळी होत्या. सीडी४ ६१२, सीडी८ १२७५, गुणोत्तर ०.४८. शेवटच्या आकड्यापुढे खाली वळलेला एक लहानसा बाण होता.

“सीडी४ छान आहे तुमचा,” डॉक्टर म्हणाल्या.

“मग हा बाण कसला, मॅडम?”

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग पेन बाजूला ठेवलं. त्यानंतर वर्षभर जे काही घडलं ते या प्रश्नातून सुरू झालं. मध्ये फॉर्म होते, थांबणं होतं, लशी होत्या, आणि मनासारखं उत्तर न मिळणंही होतं. माझ्यासारखे पन्नाशी ओलांडलेले, खूप वर्षं औषधावर असलेले बरेच जण आहेत. त्यांना यातलं काही उपयोगी पडावं म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी तो बाण. निरोगी माणसात सीडी४ पेशी सीडी८ या दुसऱ्या प्रकारच्या प्रतिकारपेशींपेक्षा जास्त असतात, म्हणजे गुणोत्तर एकच्या वर असतं. एचआयव्हीमध्ये ते उलटं होतं. औषधांनी सीडी४ वर येतो, पण सीडी८ पेशी वर्षानुवर्षं चढ्याच राहू शकतात, कारण विषाणू दबला तरी शरीराची सावधगिरी संपत नाही. उपचार सुरू करताना सीडी४ जितका खाली गेलेला असेल तितकं हे गुणोत्तर सावरणं अवघड. माझा ८६ पर्यंत गेला होता, त्यामुळे ०.४८ हे काही आश्चर्य नव्हतं. असं खालचं गुणोत्तर म्हाताऱ्या माणसांमध्येही दिसतं, ज्यांना एचआयव्ही नाही अशांमध्येसुद्धा. “म्हणजे माझी प्रतिकारशक्ती माझ्यापेक्षा म्हातारी आहे?” मी विचारलं. डॉक्टर हसल्या. “तसं काही अंशी म्हणता येईल. किती म्हातारी, हे सांगणारी तपासणी माझ्याकडे नाही.”

घरी येऊन मी वाचायला बसले. जे कळलं ते माझ्या शब्दांत सांगते. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. टी पेशी (सीडी४ आणि सीडी८ हे त्यांचेच प्रकार) तिथे तयार होऊन बाहेर पडतात. ही ग्रंथी तरुणपणापासूनच आक्रसत जाते, म्हणून वय वाढतं तशा नव्या कोऱ्या पेशी कमी होतात आणि जुन्या, एखाद्या जंतूची ओळख पटलेल्या पेशींचा भरणा वाढतो. त्यातल्या काही पुन्हा पुन्हा विभागून इतक्या थकतात की पुढे नीट विभागू शकत नाहीत. त्यांच्यावरची सीडी२८ ही खूण गेलेली असते आणि सीडी५७ आलेली असते. हे प्रत्येकाचं होतं. एचआयव्हीत लवकर होतं, कारण सुरुवातीच्या वर्षांत विषाणू सीडी४ पेशी मारत राहतो आणि शरीराला सतत नव्या पेशी घडवाव्या लागतात.

दुसरं कारण आतड्यातलं. लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच आतड्याच्या अस्तरातल्या सीडी४ पेशी मोठ्या प्रमाणात नष्ट होतात आणि ते अस्तर पुन्हा पूर्वीसारखं घट्ट होत नाही. जिवाणूंचे तुकडे थोडे थोडे रक्तात झिरपत राहतात, आणि त्यांच्यामुळे मंद दाह पेटता राहतो. वयाबरोबर येणाऱ्या अशा मंद दाहाला क्लॉदिओ फ्रान्चेस्की या इटालियन शास्त्रज्ञाने २००० साली ‘इन्फ्लमेजिंग’ असं नाव दिलं. हृदयविकार, हाडांची झीज, मूत्रपिंडाचे आजार, यांच्या मुळाशी या दाहाचा वाटा असतो.

तिसरं कारण सायटोमेगॅलो विषाणू, म्हणजे सीएमव्ही. एचआयव्ही असलेल्या बहुतेकांच्या शरीरात तो असतोच, निमूट बसून. पण त्याच्यावर लक्ष ठेवायला केवढी फौज लागते! सीएमव्ही असलेल्या निरोगी माणसांतही स्मरण-टी पेशींपैकी सरासरी दहा टक्के पेशी केवळ त्याच्यासाठी राखून ठेवलेल्या आढळल्या आहेत. गावातले बरेच पोलीस एकाच जुन्या गुन्हेगाराच्या दारात बसवले तर बाकी वस्तीचं काय, तशी गत.

एवढं वाचल्यावर साहजिकच वाटलं की आपलं ‘खरं वय’ मोजून घ्यावं. डॉक्टरांकडे तपासणी नव्हती, पण त्यांनी फेब्रुवारीत निरोप पाठवला. एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दहा वर्षांहून जास्त काळ औषधावर असलेल्या, पंचेचाळिशीपुढच्या लोकांचा अभ्यास सुरू होत होता, आणि विषय हाच होता. मी फोन केला.

इथून कागदांचा भाग सुरू होतो. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल, पण अशा अभ्यासात जायचं असेल तर वाचाच.

अभ्यासात घ्यायच्या अटी अशा होत्या. गेल्या वर्षभरात व्हायरल लोड दबलेला हवा, आधीच्या चार आठवड्यांत ताप, संसर्ग किंवा लस नको, स्टेरॉइड चालू नको. हे सगळं सोपं होतं. अडलं ते जुन्या नोंदींवर. पहिल्या तपासणीची तारीख, औषध सुरू केल्याची तारीख आणि सर्वांत खाली गेलेला सीडी४, या तिन्हींचा लेखी पुरावा हवा होता. माझे पहिले उपचार दुसऱ्या केंद्रात झाले होते. तिथली जुनी रजिस्टरं गोदामात होती आणि संगणकातली नोंद २००२ च्या बरीच नंतरची. शिवाय पहिल्या कागदांवर माझं एक आडनाव, आताच्या ओळखपत्रावर दुसरं. त्यासाठी दोन्ही नावं माझीच असल्याचं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. ते करताना कारण लिहायचा रकाना आला तेव्हा मी ‘वैद्यकीय नोंदींसाठी’ एवढंच लिहिलं, आणि तेवढं पुरलं. आजाराचं नाव तिथे लिहायची काही गरज नसते. जुन्या केंद्राला अर्ज लेखी द्या, पोच घ्या, अर्जात ‘सर्व फाइल द्या’ असं न म्हणता नेमक्या तीन गोष्टी मागा. मला उतारा मिळायला सहा आठवड्यांच्या आसपास लागले. तिथल्या कारकुनाने गोदामात शिरून रजिस्टर शोधलं याबद्दल मी त्यांचे आभार मानले, तर म्हणाले, “बाई, इतक्या जुन्या नोंदीचं माणूस स्वतः चालत आलेलं मी फार पाहिलं नाही.” बोलून गेले आणि मग ओशाळले. मला मात्र ते ऐकून बरं वाटलं.

संमतीपत्र एप्रिलमध्ये हातात आलं. जाडजूड. समुपदेशक ताई म्हणाल्या, “घरी न्या, सावकाश वाचा, आज सही नको.” मी बहिणीबरोबर बसून वाचलं. ती म्हणाली, “अगं, यात तुझं रक्त किती वर्षं ठेवणार ते लिहिलंच नाहीये.” खरंच नव्हतं. दुसऱ्या खेपेला मी विचारून घेतलं. नमुने किती काळ आणि कुठे ठेवणार, त्यावर जनुकीय तपासण्या होणार का, मी मधूनच बाहेर पडले तर आधी दिलेल्या रक्ताचं काय, आणि मुख्य म्हणजे माझे निकाल मला सांगणार का. पहिल्या तिन्हींची समाधानकारक उत्तरं मिळाली. नावाऐवजी सांकेतिक क्रमांक असणार होता, आणि बाहेर पडल्यास न वापरलेले नमुने नष्ट करायला सांगता येणार होतं. चौथ्याचं उत्तर जरा गोल होतं. ज्या तपासण्यांचा उपचारात उपयोग आहे त्यांचे निकाल मिळतील, बाकीचे संशोधनापुरते. मी सही केली, पण ती ओळ मनात अडकून राहिली.

रक्त द्यायचा दिवस एप्रिलअखेरीस आला. उपाशीपोटी, सकाळी लवकर बोलावलं. सकाळीच का, तर सीडी४ दिवसभरात बदलतो. सकाळी कमी असतो, संध्याकाळकडे वाढतो. म्हणून वर्षावर्षाची तुलना करायची असेल तर नेहमी साधारण एकाच वेळी रक्त द्यावं. मला इतकी वर्षं हे कोणी सांगितलं नव्हतं. नळ्यांचा सेट बराच मोठा होता. हे रक्त काही तासांत प्रयोगशाळेत पोचवून त्यातल्या पेशी वेगळ्या करून द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवतात, त्यामुळे तंत्रज्ञ घाईत होत्या. आदल्या दिवशी भरपूर पाणी प्यायले होते म्हणून शीर पटकन सापडली.

रक्तानंतर वेगळेच प्रकार होते. एक धातूचं यंत्र मुठीत धरून जितकं जमेल तितकं आवळायचं. मग काही मीटर नेहमीच्या चालीने चालायचं आणि ते घड्याळावर मोजणार. मग प्रश्न. वर्षभरात नकळत वजन घटलं का, सगळं करायला जोर लावावा लागतो असं आठवड्यात किती वेळा वाटलं, हालचाल किती. लिंडा फ्रीड आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडलेली ही पाच लक्षणांची कसोटी आहे. वजन घटणं, थकवा, कमी हालचाल, मंद चाल, कमकुवत पकड. तीन किंवा जास्त असतील तर दुबळेपण, एक-दोन असतील तर त्याच्या आधीची पायरी. मी चाल फार तेजीत चालले बहुतेक. तपासणाऱ्या मुलीने “काकू, रोज चालता तशा चाला” म्हणून पुन्हा चालायला लावलं. स्मरणशक्तीच्या चाचणीत मात्र शब्द सांगून ते परत विचारले तेव्हा घशाला कोरड पडली. परीक्षेत नापास होण्याची भीती या वयातही जात नाही.

अभ्यासाचे निकाल सप्टेंबरमध्ये मिळतील असं सांगितलं. तोवर हातावर हात ठेवून बसायचं नाही, असं माझ्या नेहमीच्या डॉक्टरांनी ठरवलं, आणि माझ्या मते या वर्षातलं सर्वांत मोलाचं काम या मधल्या काळात झालं.

मे महिन्यात हाडांच्या घनतेचा डेक्सा स्कॅन. माझी पाळी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी थांबली होती, त्यात टेनोफोविरची बरीच वर्षं. जुन्या स्वरूपातलं टेनोफोविर हाडांची घनता कमी करतं आणि मूत्रपिंडालाही त्रास देऊ शकतं. स्कॅन केंद्राच्या फॉर्मवर ‘तपासणीचं कारण’ आणि ‘चालू औषधं’ असे दोन रकाने होते, आणि काउंटरवर रांगेत मागची व्यक्ती खांद्यावरून वाचेल अशी जागा. डॉक्टरांना आधीच सांगून चिठ्ठीवर ‘रजोनिवृत्तीनंतर हाडांची तपासणी’ असं लिहून घेतलं होतं. ते खोटं नव्हतं, आणि रेडिओलॉजीच्या काउंटरला त्याहून जास्त कळायची गरजही नव्हती. औषधांची यादी मात्र जो कोणी नवं औषध लिहून देणार आहे त्याच्यापासून लपवू नका, त्याचं कारण पुढे येतंच. स्कॅनला वेळ थोडा लागला, कपड्यांवरचं धातूचं सगळं काढावं लागलं, आणि खर्च माझा मला करावा लागला.

टी-स्कोअर कमरेत उणे १.९ आला. उणे १ ते उणे २.५ म्हणजे घनता कमी, पण ऑस्टिओपोरोसिस (हाडं ठिसूळ होण्याचा आजार) नाही. ‘ड’ जीवनसत्त्वही कमी होतं. टेनोफोविरचं नवं रूप द्यायचं का यावर चर्चा झाली. ते हाडांना आणि मूत्रपिंडाला सौम्य आहे, पण त्याने काहींचं वजन वाढतं. त्याआधी डॉक्टरांनी हिपॅटायटिस बी तपासून घेतला, आणि हे प्रत्येकाने लक्षात ठेवावं. टेनोफोविर आणि लॅमिव्ह्युडिन ही दोन्ही औषधं हिपॅटायटिस बीवरही काम करतात, आणि ज्यांना तो आहे त्यांची ही औषधं अचानक काढली तर यकृताचा आजार उसळतो. मला तो नव्हता. गोळी बदलली.

कॅल्शियम सुरू झालं आणि त्याबरोबर वेळापत्रक आलं. डोल्युटेग्राविर आणि कॅल्शियम किंवा लोह उपाशीपोटी एकत्र घेतलं तर एचआयव्हीचं औषध नीट शोषलं जात नाही. डोल्युटेग्राविर आधी घ्यायचं आणि कॅल्शियम निदान दोन तासांनी. कॅल्शियम आधी पोटात गेलं असेल तर सहा तास थांबायचं. जेवणाबरोबर दोन्ही एकत्र चालतात, पण ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमच्या ॲसिडिटीच्या औषधांना ही सवलत नाही. वीस वर्षं विषाणू दाबून ठेवायचा आणि मग ॲसिडिटीच्या औषधाने घोळ घालायचा, याला काय म्हणावं! जाता जाता आणखी एक. डोल्युटेग्राविरमुळे क्रिएटिनिन थोडं वाढलेलं दिसतं, मूत्रपिंड बिघडलेलं नसतानाही. ज्या डॉक्टरांना तुमची औषधं माहीत नसतात ते त्या आकड्यावरून तुम्हाला घाबरवू शकतात.

जून ते ऑगस्ट लशींत गेले. अभ्यासाचं रक्त देऊन झालं होतं, त्यामुळे आता लस घ्यायला मोकळी होते. हिपॅटायटिस बीची लस मी पूर्वी घेतली होती, पण प्रतिपिंडं मोजल्यावर १० च्या खाली निघाली, म्हणजे संरक्षण नाही. प्रतिकारशक्ती म्हातारी झाली याचा माझ्यापुरता सर्वांत ठोस पुरावा मला इथे दिसला. नव्या पेशी कमी असल्या की नव्या ओळखी होत नाहीत. डॉक्टरांनी दुप्पट मात्रेचा कोर्स पुन्हा सुरू केला. न्यूमोकोकस या न्यूमोनियाच्या जंतूवरची लस झाली. आणि नागिणीची. नागिणीच्या लशीचे पूर्वी जिवंत विषाणूचे डोस असत. आताची नवी लस जिवंत नाही, म्हणून एचआयव्हीत ती देता येते. दोन डोस, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने. जिवंत लशी सीडी४ २०० च्या खाली असताना देत नाहीत, हेही लक्षात असू द्या. नागिणीच्या पहिल्या डोसानंतर दंड दुखला, रात्री थंडी वाजून ताप आला आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी पडून होते. त्यामुळे दुसरा डोस सुट्टीच्या आदल्या दिवशी घेतला. वर्षभरातला सर्वांत मोठा एकरकमी खर्च याच लशीचा झाला. आरोग्य विम्यात मोठ्यांच्या लशी बहुधा बसत नाहीत. नोकरीच्या ठिकाणची आरोग्य योजना असेल तर आधी लेखी विचारून घ्या, कारण लस टोचून झाल्यावर कोणी मंजुरी देत नाही.

सप्टेंबर उजाडला. रुग्णालयातून बोलावणं आलं तेव्हा मी वहीत प्रश्न लिहून नेले. समोर संशोधक डॉक्टर, तरुण, बोलायला उत्साही. त्यांनी कागद पुढे सरकवला. गुणोत्तर ०.४७. दाह दाखवणारं सीआरपी थोडं चढं. सीएमव्हीची प्रतिपिंडं आहेत. पकड माझ्या वयाच्या आणि बांध्याच्या मानाने कमी, म्हणजे पाचांपैकी एक लक्षण, दुबळेपणाच्या आधीच्या पायरीवर. स्मरणशक्ती ठीक. बास.

“आणि वय?”

ते थोडे अवघडले. थकलेल्या पेशींचं प्रमाण आणि डीएनएवरच्या खुणांवरून वय काढणारं ‘जैविक घड्याळ’, या दोन्ही तपासण्या संशोधनापुरत्या होत्या. मला आठवली ती संमतीपत्रातली गोल ओळ. त्यांनी कारण नीट समजावून दिलं. स्टीव्ह हॉर्वाथ यांनी असं घड्याळ २०१३ मध्ये मांडलं, आणि एचआयव्ही असलेल्यांच्या रक्तात हे घड्याळ सरासरी पाचेक वर्षं पुढे धावतं असं त्यानंतरच्या अभ्यासांत दिसलं. पण हे शेकडो माणसांच्या गटाचं गणित. एका माणसाला ‘तुमचं वय ५९’ असं सांगितलं तर त्यावरून कोणतं औषध बदलायचं, कोणती तपासणी वाढवायची, हे ठरत नाही. शिवाय तीच तपासणी पुन्हा केली तर आकडा हलू शकतो. “मी तुम्हाला आकडा दिला तर तुम्ही तोच घेऊन घरी जाल,” ते म्हणाले.

मी नाराज झाले, लपवत नाही. इतके महिने, इतकं रक्त, आणि ज्यासाठी आले तेच नाही. बाहेरच्या बाकावर जरा बसून राहिले. मग कागद पुन्हा उघडला आणि वाटलं, यातल्या ज्या गोष्टी सांगितल्या आहेत त्या सगळ्यांवर काहीतरी करता येतं, आणि जी सांगितली नाही तिच्यावर काहीच करता येत नाही. आता बाजारात पैसे घेऊन ‘जैविक वय’ काढून देणाऱ्या तपासण्यांच्या जाहिराती दिसतात. माझ्या मते ते पैसे लशीला किंवा डेक्साला द्यावेत.

ऑक्टोबरमध्ये हृदयाचा विषय निघाला. एचआयव्हीतला दाह रक्तवाहिन्यांना भोवतो हे ‘स्मार्ट’ नावाच्या मोठ्या चाचणीत फार ठळकपणे दिसलं होतं. तिच्यात ५४७२ जण होते. सीडी४ चांगला असताना औषधाला विश्रांती द्यावी का, हे पाहायचं होतं. विश्रांती घेणाऱ्यांमध्ये मृत्यू वाढले, आणि नुसत्या संधिसाधू आजारांनी (प्रतिकारशक्ती खालावल्यावर गाठणाऱ्या) नव्हे, तर हृदय, यकृत, मूत्रपिंडाचे आजारही वाढले. २००६ मध्ये ती थांबवावी लागली. (गोळ्यांचा कंटाळा येऊन सुट्टी घ्यावीशी वाटते तेव्हा मी ही चाचणी आठवते.) डॉक्टरांनी २०२३ च्या ‘रिप्रीव्ह’ चाचणीचं सांगितलं. ४० ते ७५ वयाचे, एचआयव्ही असलेले, हृदयविकाराचा धोका कमी किंवा मध्यम असलेले ७७६९ जण, बारा देशांतले. निम्म्यांना रोज ४ मिलिग्रॅम पिटाव्हास्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारं स्टॅटिन गटातलं औषध, निम्म्यांना औषध नसलेली नुसती गोळी. स्टॅटिन घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचे झटके, पक्षाघात वगैरे गंभीर घटना ३५ टक्क्यांनी कमी झाल्या.

३५ टक्के ऐकून मी हुरळले, तर डॉक्टरांनीच दुसरी बाजू दाखवली. प्रत्यक्षात दर हजार माणसांमागे वर्षाला साधारण ७ घटना व्हायच्या त्या ५ वर आल्या. आणि औषध घेणाऱ्यांमध्ये स्नायूदुखी आणि मधुमेह किंचित जास्त दिसला. माझा दहा वर्षांतला धोका पाच टक्क्यांच्या खालचा निघत होता. या गटासाठी फेब्रुवारी २०२४ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचना ‘द्याच’ असं म्हणत नाहीत, ‘देण्याकडे कल ठेवा’ असं म्हणतात. माझ्या आईला हृदयविकार होता. मी घ्यायचं ठरवलं. माझ्या जागी माझी बहीण असती तर तिने कदाचित उलट ठरवलं असतं, आणि तेही चुकीचं नसतं. रिटोनाविर किंवा कोबिसिस्टॅट (एचआयव्हीच्या काही औषधांबरोबर दिली जाणारी औषधं) चालू असणाऱ्यांनी मात्र कुठलंही स्टॅटिन आपल्या मनाने घेऊ नये. सिम्व्हास्टॅटिन त्यांच्याबरोबर अजिबात चालत नाही. हीच गोष्ट स्टेरॉइडची, नाकात मारायच्या फवाऱ्यातल्या आणि सांध्यात टोचायच्या स्टेरॉइडचीसुद्धा.

पकडीसाठी फिजिओथेरपिस्टकडे गेले. मी रोज चालते, त्यामुळे व्यायाम होतोच अशी माझी समजूत होती. चालण्याने दम टिकतो, पण स्नायूंवर भार पडल्याशिवाय त्यांची ताकद वाढत नाही. खुर्चीतून हात न टेकता उठणं, रबरी पट्टा ओढणं, वजन उचलणं, आठवड्यातून तीनदा. पहिले पंधरा दिवस सगळं अंग बोलत होतं. स्टॅटिन नुकतंच सुरू झालेलं, त्यामुळे दुखतंय ते औषधाने की व्यायामाने हे कळेना. डॉक्टरांनी स्नायूंची एक रक्ततपासणी करून शंका मिटवली. दोन नव्या गोष्टी एकाच आठवड्यात सुरू न करणं सोयीचं, एवढं त्यातून कळलं.

डिसेंबरात गर्भाशयमुखाची तपासणी झाली. एचआयव्ही असलेल्या बायकांमध्ये हा कर्करोग जास्त आढळतो, आणि साठीकडे झुकलं म्हणून ही तपासणी सोडून द्यायची नसते. निकाल ठीक आला.

जानेवारी २०२५ मध्ये वार्षिक रक्ततपासणी, त्याच सकाळच्या वेळी. व्हायरल लोड आढळला नाही. गुणोत्तर ०.५१. मी आनंदाने ०.४८ आणि ०.५१ वर बोट ठेवलं, तर डॉक्टर म्हणाल्या, “एवढा फरक त्याच दिवशी दोनदा रक्त काढलं तरी येईल. यात खूश होऊ नका आणि पुढच्या वर्षी ०.४६ आलं तर रडू नका.” हिपॅटायटिस बीची प्रतिपिंडं मात्र १४० वर गेली होती, आणि त्याबद्दल खूश व्हायला परवानगी मिळाली. पकडीच्या यंत्रावर आकडा वाढला आहे. सीआरपी त्या सुमारास सर्दी झाल्याने पुढे ढकललं, कारण साध्या सर्दीनेही ते चढतं.

डेक्सा आता २०२६ मध्ये, अभ्यासाची दुसरी फेरीही त्याच वर्षी. त्यांचा नवा फॉर्म आला आहे. त्यात पहिल्या औषधाच्या तारखेचा लेखी पुरावा पुन्हा मागितला आहे.